सुई वाटणाऱ्यांच्या बाजूने

नशा करणाऱ्याला नवी सुई फुकट द्यायची, गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, जागी सरकारी दवाखान्यातून रोज गोळी द्यायची, आणि या कामाला माणूस नेमायचा तोही स्वतः त्याच वाटेने गेलेला. एवढं ऐकलं की भली माणसंही भडकतात. त्यांत रहिवासी संघांचे पदाधिकारी असतात, नगरसेवक असतात, पोलीस असतात. व्यसनमुक्तीसाठी आयुष्य खर्ची घातलेले कार्यकर्तेही असतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या आक्षेपाला उत्तर द्यावं म्हणूनच हे लिहितो आहे.

आक्षेप पूर्ण ताकदीनिशी मांडतो. व्यसन हा आजार असेल तर तो बरा करा, गुन्हा असेल तर शिक्षा द्या. सुई हातात ठेवणं म्हणजे दोन्ही जबाबदाऱ्या झटकणं. सरकारच सुई देऊ लागलं तर ज्याला सोडायचं आहे त्याचीही इच्छा मरेल, आणि जी पोरं अजून या वाटेला गेलेली नाहीत त्यांना वाटेल की यात फारसं वावगं नाही. शिवाय ज्या आईचा मुलगा इंजेक्शनं घेतो तिला जाऊन सांगा, की तुझा मुलगा आता स्वच्छ सुईने टोचून घेतो. तिला काय वाटेल?

या शेवटच्या प्रश्नात खरं वजन आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

त्या आईला मुलगा नशेतून बाहेर यायला हवा आहे. मलाही तेच हवं आहे. हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो वेगळं सांगणार नाही. आपला वाद आहे तो मधल्या काळाबद्दल. हेरॉईन, ब्राऊन शुगर, मॉर्फीनच्या जातीची वेदनाशामक इंजेक्शनं, म्हणजे अफूच्या कुळातल्या सगळ्या पदार्थांचं व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. माणूस सोडतो, परत धरतो, परत सोडतो. त्यात वर्षं जातात. या वर्षांत तो कसा जगतो आणि जगतो की नाही, याची जबाबदारी कुणी घ्यायची? आक्षेप घेणाऱ्यांच्या मांडणीत या वर्षांना जागाच नाही. त्यांच्या लेखी माणूस एक तर व्यसनी आहे किंवा मुक्त आहे, आणि व्यसनी असेपर्यंत त्याचं जे होईल ते त्याचं नशीब.

मरणाचा धोका नेमका कधी वाढतो हे त्यांनी एकदा नीट समजून घ्यावं. रोज हेरॉईन घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. तुरुंगात गेल्यावर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात कोंडल्यावर नशा थांबते आणि काही आठवड्यांत हा सराव निघून जातो. ओढ मात्र जात नाही. बाहेर पडलेला माणूस जुन्या मित्रांत जातो, जुन्या अंदाजाने जुनीच मात्रा घेतो, आणि जी मात्रा दोन महिन्यांपूर्वी त्याला पुरत नव्हती तीच आता त्याचा श्वास थांबवते. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे अशा मृत्यूंसाठी सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे ज्या उपायाला आपण कडक आणि खरा उपाय समजतो, तोच उपाय पुढची सोय न करता वापरला तर माणसाला मरणाच्या अगदी जवळ नेऊन सोडतो. त्याच्या हाती गोळीची चिठ्ठी नसते, कुणाचा फोन नंबर नसतो, धोका काय आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि घरच्यांना वाटत असतं की पोरगा सुटला.

अशा वेळी एक औषध जीव वाचवतं. त्याचं नाव नॅलोक्सोन. हेरॉईन मेंदूतल्या ज्या जागा अडवून श्वास मंद करतं, त्या जागांवरून हे औषध त्याला हटवतं. काही मिनिटांत माणूस श्वास घेऊ लागतो. त्याने नशा चढत नाही, आणि ज्याने अफूच्या कुळातलं काही घेतलेलं नाही त्याला दिलं तरी त्याचा काही अपाय होत नाही. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून नंतर जवळ कुणी तरी थांबावं लागतं. शिकागोत १९९६ पासून डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिथेही पुष्कळांना तो वेडेपणा वाटला होता. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत तेच सांगितलं: जो अशा प्रसंगी शेजारी असण्याची शक्यता आहे, त्याच्या हाती हे औषध असू द्या आणि त्याला ते वापरायला शिकवा. पुलाखाली किंवा रेल्वे यार्डाच्या भिंतीमागे श्वास थांबत चाललेल्या माणसापाशी त्या मिनिटांत डॉक्टर नसतो. असतो तो दुसरा नशा करणारा. आणि पोलिसांच्या धाकाने तोही पळून जातो, कारण मदतीला हाक मारली तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल अशी त्याला भीती असते.

आता सुईकडे येतो. सुया मिळाल्या की नशा वाढते, हा आक्षेपाचा कणा आहे. या समजुतीची परीक्षा इतिहासात होऊन गेली आहे आणि तिची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात स्वस्त हेरॉईन आलं. शहराने कडक भूमिका घेतली. औषधांच्या दुकानांनी सिरिंज विकणं बंद केलं, पोलीस जवळ सापडलेल्या सिरिंज जप्त करू लागले. सुया कमी झाल्या, हेरॉईन तेवढंच राहिलं. एका खोलीत जमून एकाच सिरिंजने अनेक जण टोचून घेऊ लागले. तिथल्या एका वस्तीत डॉक्टरी करणाऱ्या रॉय रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉईन घेणाऱ्या आपल्या रुग्णांचे रक्ताचे नमुने तपासले; १९८६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या निम्म्या लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. तिथून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या ग्लासगोत हेरॉईन कमी नव्हतं, पण तिथे सुयांची अशी कोंडी झालेली नव्हती. ग्लासगोतलं लागणीचं प्रमाण त्या काळात पाच टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे एडिंबराने धोरण बदललं, सुया देणं सुरू केलं, हेरॉईनच्या जागी मेथाडोन हे औषध देणं सुरू केलं, आणि नव्या लागणी ओसरल्या.

हे परदेशातलं झालं असं म्हणाल तर मणिपूरकडे पाहा. म्यानमारच्या सीमेवरून येणारं हेरॉईन तिथल्या तरुणांनी इंजेक्शनातून घ्यायला सुरुवात केली होती, आणि सिरिंज सापडली की अटक ठरलेली. सप्टेंबर १९८९ पर्यंत तपासलेल्या इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही जवळजवळ आढळत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्मे बाधित निघाले. सहा महिने! एक पिढी अशी गेली. ज्या घरांतून तीन-तीन भाऊ गेले त्या घरांत सुया वाटल्या म्हणून कुणी गेलेलं नव्हतं. सुया नव्हत्या म्हणून ते गेले. हे मणिपूरने ओळखलं. चुराचांदपूरमध्ये १९९५ च्या सुमारास 'शालोम' या संस्थेने सुया बदलून देण्याचं काम सुरू केलं, आणि १९९६ मध्ये मणिपूरने देशातलं पहिलं राज्य एड्स धोरण स्वीकारलं तेव्हा त्यात या कामाला उघड मान्यता दिली. ज्या राज्याने हे दुःख सर्वांत जवळून पाहिलं त्याने सर्वांत आधी ही वाट धरली, याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जगभरातल्या सुयांच्या कार्यक्रमांचा आढावा प्रसिद्ध केला. सुया दिल्याने नशा सुरू करणाऱ्यांची संख्या वाढते किंवा घेणारे जास्त वेळा घेऊ लागतात, याचा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही. एचआयव्ही कमी होतो याचा मात्र भक्कम पुरावा मिळाला. आपल्या देशात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार इंजेक्शनने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत त्यांच्यातलं एचआयव्हीचं प्रमाण ९.०३ टक्के होतं, आणि त्याच वर्षीच्या अंदाजानुसार सर्वसाधारण प्रौढांमध्ये ०.२१ टक्के. २०१७ मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांतला हा आकडा ६.२६ होता. म्हणजे तो वाढला आहे, आणि हे मी लपवणार नाही. पण यावरून सुया बंद करा असं म्हणणाऱ्याला मी विचारेन, की प्रत्येक टोचण्याला एक नवी सुई मिळेल इतक्या सुया आपण कधी पोहोचवल्या? तुटपुंजं दिलं आणि मग म्हणालो की उपयोग होत नाही.

उद्यानात, शाळेच्या मागे वापरलेल्या सुया सापडतात, ही रहिवाशांची तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. लहान मूल सुईवर पाय देईल ही भीती कुणालाही वाटेल. पण चांगल्या कार्यक्रमात नव्या सुया देताना वापरलेल्या परत घेतल्या जातात, त्या जाड डब्यात जातात आणि त्यांचा हिशेब ठेवला जातो. सुया परत गोळा करण्यात एखादी संस्था ढिली पडत असेल तर रहिवाशांनी तिला जाब विचारावा, वस्तीत डबे वाढवायला लावावेत. सुया देणारं केंद्र बंद पाडल्याने सुया कमी होत नाहीत. त्या गोळा करणारं कुणी उरत नाही, एवढंच होतं.

सुया गोळा करणारा हा माणूस म्हणजे पिअर, स्वतः नशेच्या वाटेने गेलेला कार्यकर्ता. या कामातली सगळ्यात मोठी ताकद तीच आहे असं माझं मत आहे, आणि सगळ्यात जास्त अपमानही तिच्याच वाट्याला येतो.

पिअर सकाळी पिशवी घेऊन निघतो. उड्डाणपुलाखाली, मालधक्क्यापाशी, सार्वजनिक संडासाच्या मागे. साधारण चाळीस जणांमागे एक पिअर असा एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा हिशेब आहे. तो त्या प्रत्येकाला नावाने ओळखतो. कालपर्यंत पन्नीवर ओढणारा पोरगा आज सुईवर आला, हे त्याला कुठल्याही सर्वेक्षणाच्या आधी कळतं. या आठवड्यात आलेला माल नेहमीपेक्षा कडक आहे, हेही त्यालाच आधी कळतं. सतत जांभया, वाहणारं नाक, अंगावर उभे राहिलेले काटे पाहिले की समोरचा टर्कीत, म्हणजे नशा न मिळाल्याच्या त्रासात, आहे हे त्याला सांगावं लागत नाही. मांडीवरचं गळू पाहून तो ड्रेसिंगला घेऊन जातो. आज गेलं नाही तर पाय जाईल हे त्याने आपल्या मित्रांच्या बाबतीत पाहिलेलं असतं. सरकारी रुग्णालयात कळकट कपड्यांतल्या माणसाला रांगेतून हाकललं जातं, म्हणून तो त्याच्यासोबत रांगेत उभा राहतो. एचआयव्हीची तपासणी, टीबीची थुंकी, हेपटायटिस सीचं औषध, सगळीकडे. हेपटायटिस सीचे उपचार २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. पण मोफत औषध आणि ते ज्याला हवं तो माणूस यांच्यामधलं अंतर पिअरच्या पायांनीच कापलं जातं. स्त्रियांच्या बाबतीत हे अंतर कितीतरी मोठं आहे, कारण नशा करणारी बाई मदत मागायला उघडपणे येतच नाही. तिच्यापर्यंत फक्त तिच्यासारखीच दुसरी बाई पोहोचू शकते.

अशा माणसावर आक्षेप काय? तर जो स्वतः नशा करायचा, तो दुसऱ्याला काय शिकवणार. मी उलट विचारतो: हे ज्ञान दुसऱ्या कुणाकडे आहे? समाजकार्याची पदवी घेतलेला तरुण त्या पुलाखाली गेला तर सगळे पांगतात. पिअर गेला तर बसायला पोतं पुढे करतात. पिअर पुन्हा घसरला तर, असंही विचारलं जातं. घसरतो कधी कधी, हे खरं आहे. रोज त्याच अड्ड्यांवर फिरायचं आणि स्वतःला सांभाळायचं, याहून अवघड नोकरी मला माहीत नाही. म्हणूनच त्याला रजा, उपचार आणि परत कामावर येण्याची हमी हवी. आज त्याला मिळतं ते तुटपुंजं मानधन, तेही निधी अडकला की थांबतं. आणि पिशवीत वापरलेल्या सुया सापडल्या म्हणून पोलीस चौकीत तासन्‌तास बसणं.

महाराष्ट्राला हा विचार नवा असायला नको होता. अनिल अवचटांनी 'गर्द'वर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी हात दिला, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. सुनंदा अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. मुक्तांगणची वाट संपूर्ण व्यसनमुक्तीची आहे. सुया वाटणं हे त्यांचं काम नाही, आणि मी त्यांच्या तोंडी ते घालत नाही. पण तिथे बरे झालेले रुग्णच समुपदेशक झाले, कार्यकर्ते झाले, आणि नव्याने आलेल्याचा हात त्यांनी धरला. अख्ख्या महाराष्ट्राने त्याचं कौतुक केलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आपल्या कित्येक गावांत भरतात, त्याही याच पायावर. भोगलेला माणूस भोगणाऱ्याला आधार देऊ शकतो हे आपण मान्य केलं आहे. मग तो भोगलेला माणूस आज हेरॉईनच्या जागी मिळणाऱ्या बुप्रीनॉर्फिनच्या गोळीवर आहे, एवढ्यानेच त्याचा आधार खोटा कसा ठरतो?

ही गोळी म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणं, असं म्हणतात. शरीरात काय घडतं ते पाहा. हेरॉईनचा असर काही तासांत उतरतो. मग टर्की, मग पैशांसाठी धावाधाव, पुन्हा सुई. दिवसातून तीन-चार वेळा हे चक्र फिरतं. त्यात नोकरी टिकत नाही, संसार टिकत नाही, चोरी मात्र होते. बुप्रीनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळते आणि तिचा असर दिवसभर टिकतो. एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी असर वाढत नाही, म्हणून ती हेरॉईनपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. सरावलेल्या माणसाला तिची झिंग येत नाही. टर्की थांबते आणि तो कामावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि बुप्रीनॉर्फिन या दोन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिलं. जो माणूस सकाळी गोळी घेऊन हातगाडी ओढायला जातो आणि संध्याकाळी पोरांसाठी भाजी घेऊन घरी येतो, त्याला व्यसनी म्हणून हिणवायचं असेल तर हिणवणाऱ्याने आधी त्याच्या बायकोशी बोलावं.

या उपचारात खरी त्रुटी आहे ती वेगळीच. गोळी सहसा रोज केंद्रावर येऊन, कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात अर्धा दिवस जातो. २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा दिली गेली. जे नाइलाजाने केलं ते नेमाने करायला हरकत नाही.

कायद्याचा आधार घेऊन बोलणाऱ्यांना कायद्यातूनच उत्तर देतो. संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार एचआयव्हीची जोखीम कमी करण्यासाठी केलेले उपाय गुन्हा ठरत नाहीत आणि त्यांना मज्जावही करता येत नाही. इंजेक्शन घेणाऱ्यांना स्वच्छ सुया देणं हे त्यातच येतं. म्हणजे पिअरची पिशवी अडवणारा पोलीस देशाच्या कायद्याविरुद्ध वागत असतो. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम ६४-अ आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. महाराष्ट्रात या कायद्याखालच्या गुन्ह्यांत वैयक्तिक सेवनाच्या खटल्यांचा वाटा मोठा आहे. त्या पोरांपैकी कितींना हे कलम कुणी वाचून दाखवलं असेल? आणि उपचाराच्या नावाखाली साखळीने बांधून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रं चालवणाऱ्यांना २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू होतो. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारे मानसिक त्रास त्याच्या कक्षेत आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने सक्त मनाई केली आहे.

माझी मागणी अशी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात गोळीचा उपचार असावा. तुरुंगात तो सुरू व्हावा आणि सुटताना पुढच्या केंद्राची चिठ्ठी कैद्याच्या हातात असावी. प्रत्येक पिअरच्या पिशवीत नॅलोक्सोन असावं. पिअरला वेळेवर पगार मिळावा आणि पोलीस ठाण्यात दाखवता येईल असं ओळखपत्र मिळावं. व्यसनमुक्ती केंद्रांनी सुई देणाऱ्यांना शत्रू समजणं सोडावं, कारण त्यांच्या दारात उद्या जो माणूस येईल तो आज कुणीतरी जिवंत ठेवलेला असेल.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या वॉर्डात असं केंद्र निघणार असेल आणि विरोधाच्या अर्जावर सही मागायला कुणी दारात आलं, तर सही करू नका. केंद्रात जा, तिथल्या पिअरशी बोला, सुया कशा परत घेता ते विचारा, आणि मग तुमचं मत ठरवा.